वदंतेचे मोल : व्यावसायिक कुस्तीचा इतिहास आणि कुस्तीशौकिनांची साधने

अमेरिकेत ज्या प्रकारास ‘व्यावसायिक कुस्ती’ असे म्हणतात, तो महाराष्ट्रातील निकाली कुस्तीहून मूलतः भिन्न आहे. निकाली कुस्तीत हारजीत आखाड्यात ठरते. व्यावसायिक कुस्तीत ती मल्ल रिंगणात उतरण्यापूर्वीच ठरलेली असते. मल्लांचे बळ, त्यांचे कसब आणि त्यांना होणाऱ्या दुखापती खऱ्या असतात. निकाल मात्र नाटकाच्या शेवटच्या अंकाप्रमाणे पूर्वनियोजित असतो. ही गोष्ट आज सर्वश्रुत आहे. परंतु विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात ती या व्यवसायाने कटाक्षाने लपवून ठेवली होती. साहजिकच त्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे एक विलक्षण अडचण उभी राहते. प्रसिद्ध झालेला निकाल, अधिकृत निवेदन, संस्थेने जाहीर केलेला आकडा ही एरवी विश्वसनीय मानली जाणारी साधने येथे दिखाव्याचाच भाग असतात. आणि ज्या बाजारगप्पा इतिहासकार बाजूस सारतो, त्यांतच पुष्कळदा सत्याचा अंश दडलेला असतो. या गप्पा जतन करणारा वर्ग म्हणजे कुस्तीशौकीन. त्यांनी राखलेल्या साधनांचे स्वरूप काय आणि ती कोणत्या कसोट्यांवर पारखावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. गुपिताची परंपरा

या व्यवसायातील गुप्ततेच्या दंडकास ‘केफेब’ असे नाव आहे. जत्रांतून फिरणाऱ्या खेळकऱ्यांच्या सांकेतिक बोलीतून हा शब्द आला, असे सामान्यतः मानले जाते. जत्रेतील मल्ल प्रेक्षकांस आव्हान देई. आव्हान स्वीकारणारा ‘परका’ इसम पुष्कळदा त्याच्याच टोळीतील असे. आणि पैजांचा पैसा त्या दोघांत वाटला जाई. पुढे मोठ्या शहरांत कुस्त्यांचे ठेके घेणारे प्रमोटर उदयास आले, तेव्हाही हा दंडक कायम राहिला. रिंगणातील वैऱ्यांनी एका मोटारीतून प्रवास करू नये, एका टेबलावर जेवू नये, घरच्या माणसांजवळही मोकळेपणाने बोलू नये, इतका तो कडक होता. शौकिनांची उत्सुकता नेमकी या भिंतीवर येऊन आदळे. आणि भिंतीपलीकडून जे ऐकू येई, त्यासच वदंतेचे रूप प्राप्त होई.

२. वदंतेची पहिली कसोटी : ती कोठून निघाली?

अशा वदंतांत सर्वांत जुनी आणि चिवट वदंता फ्रँक गॉच व जॉर्ज हॅकनश्मिट यांच्या दुसऱ्या कुस्तीविषयीची आहे. शिकागो येथे ३ एप्रिल १९०८ रोजी झालेल्या पहिल्या कुस्तीत सुमारे दोन तासांनंतर हॅकनश्मिट यांनी हार मान्य केली. गॉच यांनी अंगास तेल लावले होते व ओरबाडण्यासारखे गैरप्रकार केले, अशी त्यांची तक्रार होती. दुसरी कुस्ती ४ सप्टेंबर १९११ रोजी त्याच शहरात झाली आणि गॉच यांनी सुमारे वीस मिनिटांत सलग दोन वेळा चितपट करून ती जिंकली. या कुस्तीपूर्वी सरावात हॅकनश्मिट यांच्या गुडघ्यास दुखापत झाली होती, हे निर्विवाद आहे. वाद आहे तो तिच्या कारणाविषयी. गॉच यांच्या पक्षाने पैसे देऊन ॲड सँटेल या मल्लाकरवी तो गुडघा मुद्दाम जायबंदी केला, असे शौकिनांत वर्षानुवर्षे सांगितले जाते.

या कथेचा मुख्य आधार म्हणजे प्रसिद्ध मल्ल लू थेझ यांचे आत्मकथन. थेझ यांनी ती खुद्द सँटेल यांच्या तोंडून ऐकली होती; परंतु थेझ यांचा जन्म १९१६ सालचा, म्हणजे कुस्तीनंतर पाच वर्षांनी झालेला. उलट, हॅकनश्मिट यांनी स्वतः त्या वेळी व त्यानंतरही असे सांगितले की, सरावातील जोडीदार डॉ. रोलर यांच्या पायाचा आघात चुकून होऊन ही दुखापत झाली. त्यांच्या निवेदनात सँटेल यांचा उल्लेखच नाही. ज्यास दुखापत झाली त्याची तत्कालीन साक्ष एका बाजूस आणि अनेक वर्षांनंतरची ऐकीव कथा दुसऱ्या बाजूस, अशी ही स्थिती आहे. पहिलीस अधिक वजन द्यावे लागेल, हे उघड आहे. तथापि दुसरी कथा सर्वस्वी निरुपयोगी ठरत नाही. १९११ मध्ये काय घडले हे ती सांगत नसली, तरी मल्ल आपल्या पूर्वजांच्या व्यवसायात काय घडू शकत होते असे मानीत, हे ती निश्चित सांगते.

३. दुसरी कसोटी : वदंता घटनाक्रमाशी जुळते काय?

१९२० नंतरच्या दशकात एड ‘स्ट्रँगलर’ लुइस, त्यांचे व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांचे या व्यवसायावर मोठे वर्चस्व होते. फुटबॉलचे खेळाडू म्हणून नाव मिळविलेले धिप्पाड वेन मन यांना त्यांनी पुढे आणले आणि ८ जानेवारी १९२५ रोजी कॅन्सस सिटी येथे लुइस यांनी जगज्जेतेपद मन यांच्या हवाली केले. १५ एप्रिल रोजी फिलाडेल्फिया येथे मन यांची कुस्ती स्टॅनिस्लाउस झबिस्को यांच्याशी झाली. भारतीय वाचकांस हे नाव अपरिचित नाही. १९१० साली लंडन येथे गामा पहिलवानांशी अडीच तासांहून अधिक काळ झुंजून ज्यांनी कुस्ती बरोबरीत सोडविली, आणि १९२८ साली पतियाळा येथे ज्यांना गामांनी एका मिनिटाच्या आत अस्मान दाखविले, तेच हे झबिस्को. फिलाडेल्फियात हरण्यासाठी त्यांना पैसे मिळाले होते, असे म्हणतात. प्रत्यक्षात त्यांनी कुस्तीत अननुभवी असलेल्या मन यांना पुनःपुन्हा चीत केले आणि जगज्जेतेपद बळकाविले.

वर्तमानपत्रांना निकाल दिसला; करार दिसला नाही. मग दगा झाला, हे कशावरून म्हणावयाचे? त्याचे उत्तर पुढील घटनेत आहे. झबिस्को यांनी ३० मे रोजी, म्हणजे अवघ्या दीड महिन्यात, सेंट लुइस येथे हे पद जो स्टेकर यांच्याकडे जाऊ दिले. आणि स्टेकर हे लुइस यांच्या प्रतिस्पर्धी गटाचे मल्ल होते. तीनही तारखा वर्तमानपत्रांतून पडताळता येतात आणि त्या एका ओळीत मांडल्या म्हणजे वदंतेस पुष्टी मिळते.

हीच कसोटी उलटही लागू पडते. वर उल्लेखिलेल्या तिघांस ‘गोल्ड डस्ट’ त्रिकूट हे नाव मार्कस ग्रिफिन यांच्या १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे रूढ झाले. शौकिनांनी ते पुस्तक कित्येक दशके प्रमाणग्रंथ मानले. परंतु पुढील अभ्यासकांनी जुन्या वर्तमानपत्रांचे अंक तपासले, तेव्हा त्यातील अनेक तपशील टिकले नाहीत. विशेषतः माँट यांचे कर्तृत्व त्यात फुगवून सांगितले आहे, असे आढळून आले. गुपित फोडणारा माणूस निःपक्षपाती असतोच असे नाही, हा धडा यातून मिळतो.

४. तिसरी कसोटी : गुपित कोणी आणि का फोडले?

१९३३-३४ च्या सुमारास न्यूयॉर्क येथील प्रमोटर जॅक फेफर यांना इतर ठेकेदारांनी वाट्यातून वगळले. त्याचा सूड म्हणून त्यांनी ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राचे क्रीडालेखक डॅन पार्कर यांना व्यवसायाच्या आतल्या गोष्टी पुरविल्या व त्या छापून आल्या. येथे हेतू स्वार्थाचा होता, तरी माहिती मोलाची होती. म्हणजे हेतूवरून माहिती खोटी ठरत नाही, तिची छाननी मात्र आवश्यक होते. फेफर यांचा पत्रव्यवहार, छायाचित्रे, कार्यक्रमपत्रिका व हिशेबाचे कागद आज नोत्र दाम विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुरक्षित आहेत. ज्या व्यवसायाने कागद मागे राहू नये म्हणून धडपड केली, त्याचाच हा एवढा मोठा दप्तरसंग्रह विद्यापीठात यावा, हा एक विलक्षण योगच होय.

यानंतरचा पुरावा सरकारी आहे. जुलै १९४८ मध्ये आयोवा राज्यातील वॉटर्लू येथे प्रमोटरांनी ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’ हा संघ स्थापिला आणि प्रदेश आपसांत वाटून घेतले. संघाचे न ऐकणाऱ्या मल्लास कोठेच काम मिळू नये अशी काळी यादी असते, असे मल्ल एकमेकांस दबक्या आवाजात सांगत. अमेरिकेच्या न्यायखात्याने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली चौकशी केली आणि १९५६ साली संघास न्यायालयीन तडजोडीचा हुकूमनामा स्वीकारावा लागला. या चौकशीच्या कागदपत्रांनी पडद्याआडच्या कुजबुजीस अधिकृत आधार दिला. पडद्याआडच्या गप्पा म्हणजे केवळ करमणूक नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. त्यांत माणसांच्या रोजीरोटीची, दुखापतींची आणि औषधांच्या गैरवापराची हकीकत असे. १९९४ सालच्या स्टेरॉइडविषयक खटल्यात व्यवसायातील प्रमुख उद्योजक व्हिन्स मॅकमन निर्दोष सुटले. तथापि त्यात मल्लांनी शपथेवर दिलेल्या साक्षींमुळे, शौकीन ज्याविषयी आधीपासून बोलत होते असे पुष्कळ न्यायालयाच्या दप्तरात नोंदले गेले.

५. शौकिनांचे दप्तर

मल्लांच्या चाहत्यांची मंडळे पूर्वीपासून लहान पत्रके काढीत व त्यांत गावोगावचे निकाल छापीत. १९८० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत कॅलिफोर्नियातील डेव्ह मेल्टझर यांनी ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’ हे वार्तापत्र सुरू केले आणि या हौशी उद्योगास शिस्त आणली. निरनिराळ्या शहरांतील शौकीन टपालाने निकाल, प्रेक्षकसंख्या व कानावर आलेल्या वार्ता पाठवीत. जपानमधील कुस्त्यांच्या चित्रफितींची देवघेव करीत. आणि एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या पत्राशी ताडून पाहिले जाई. प्रमोटर लोक या पत्रास नावे ठेवीत आणि चोरून वाचीतही असत.

अधिकृत आकड्याविरुद्ध या दप्तराचा उपयोग कसा होतो, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. २९ मार्च १९८७ रोजी मिशिगन राज्यातील पाँटिॲक येथे झालेल्या तिसऱ्या ‘रेसलमेनिया’ची प्रेक्षकसंख्या ९३,१७३ होती, असे कंपनीने जाहीर केले. मेल्टझर यांनी व्यवस्थेतील माहीतगारांच्या आधारे ती सुमारे ७८,००० असल्याचे प्रतिपादिले. हा वाद अद्याप चालू आहे. परंतु तो घालता येतो, हेच या दप्तराचे श्रेय होय.

गंमत अशी की, गुपित अखेर व्यवसायानेच आपल्या सोयीसाठी सोडले. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे कंपनीच्या बाजूने असे मांडण्यात आले की, हा प्रकार खरीखुरी क्रीडास्पर्धा नसून मनोरंजन आहे. तेव्हा त्यावर क्रीडा नियामक मंडळाचे नियंत्रण व कर नसावेत. परंतु कबुलीने वदंता संपल्या नाहीत. ९ नोव्हेंबर १९९७ रोजी माँट्रिऑल येथे ब्रेट हार्ट यांनी शरणागती पत्करलेली नसतानाही मॅकमन यांच्या आज्ञेने घंटा वाजविण्यात आली व जगज्जेतेपद शॉन मायकेल्स यांना देण्यात आले. हार्ट यांनी मॅकमन यांच्याशी झालेले आधीचे संभाषण गुपचूप ध्वनिमुद्रित केले होते आणि ते १९९८ सालच्या एका माहितीपटात ऐकावयास मिळते. १९२५ च्या दग्यास नसलेला पुरावा या दग्यास आहे. तरीही हार्ट स्वतः त्या बनावात सामील होते, असे मानणारे शौकीन आजही आढळतात. ज्या व्यवसायाने तीन पिढ्यांस डोळ्यांवर विश्वास न ठेवण्यास शिकविले, त्यास खरे सांगितल्यावरही अविश्वासच वाट्यास यावा, हे न्याय्यच म्हणावे लागेल.

६. विक्रीच्या वस्तू : एक दुर्लक्षित साधन

कार्यक्रमपत्रिका, मल्लांची स्वाक्षरीयुक्त छायाचित्रे, १९८४ पासून बाजारात आलेल्या रबरी बाहुल्या, छापील सदरे या वस्तू शौकीन हौसेने जमवितात. इतिहासकाराने यांतील कार्यक्रमपत्रिका सावधपणे वापरावी. कारण ती काय घडणार होते हे सांगते, काय घडले ते नव्हे. सदऱ्याची साक्ष मात्र वेगळ्या प्रकारची आहे. जून १९९६ मध्ये स्टीव्ह ऑस्टिन यांची भूमिका खलनायकाची होती; परंतु त्यांनी त्या वेळी केलेल्या भाषणातील शब्द छापलेले सदरे लोकांनी आवडीने विकत घेतले आणि वर्षभरात त्यांना नायक करणे भाग पडले. निकाल ठरविता येतो; पसंती ठरविता येत नाही. या व्यवसायात जे पूर्वनियोजित नव्हते असे फार थोडे आहे, आणि त्या थोड्यात प्रेक्षकाने खिशातून काढलेल्या पैशाचा समावेश होतो.

७. मुंबईचे उदाहरण

या कसोट्या महाराष्ट्रासही लागू पडतात. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या ‘फ्री स्टाईल’ कुस्त्यांनी मुंबईतील प्रेक्षकांच्या एका पिढीस वेड लावले होते, आणि या कुस्त्या खऱ्या की लुटुपुटूच्या हा वादही तितकाच जुना आहे. दारासिंग यांनी १९६८ साली मुंबईत लू थेझ यांना हरवून जगज्जेतेपद मिळविले, असे त्यांच्या चरित्रात सर्वत्र नमूद असते. परंतु ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’चे जगज्जेतेपद थेझ यांनी जानेवारी १९६६ मध्येच जीन किनिस्की यांच्याकडे गमावले होते व ते १९६९ पर्यंत किनिस्की यांच्याकडेच होते. म्हणून कुस्ती झाली काय, हा एक प्रश्न आणि ती कोणत्या पदासाठी झाली, हा दुसरा प्रश्न. यांची गल्लत होऊ देता कामा नये. दारासिंग यांच्या लोकप्रियतेस यामुळे बाध येत नाही. उलट, मुंबईच्या प्रेक्षकाने त्यांना जगज्जेता मानले, हे स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगे सत्य शिल्लक राहते.

सारांश, वदंता ही स्वीकारावयाची किंवा त्याज्य ठरवावयाची वस्तू नसून तपासावयाची वस्तू आहे. ती कोठून निघाली, घटनाक्रमाशी जुळते काय आणि सांगणाऱ्याचा हेतू कोणता, हे तीन प्रश्न विचारल्यास तिच्यातून बरेच निष्पन्न होते. जुन्या कार्यक्रमपत्रिका, हस्तपत्रके, छायाचित्रे आणि वृद्ध प्रेक्षकांच्या आठवणी महाराष्ट्रातील घराघरांत अद्याप असतील. त्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची नोंद होणे अगत्याचे आहे. कारण अधिकृत दप्तराने ज्या मल्लांचे केवळ विजय लिहून ठेवले, त्यांच्या कष्टांची हकीकत बहुधा या कागदांतच उरली आहे.