फळ्यासमोरचा अर्धा तास

गणित विभागाचं शैक्षणिक लेखापरीक्षण म्हटलं की टेबलावर आधी फायलींची चळत येते. कोरेगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात बाहेरचा विषयतज्ज्ञ म्हणून गेलो, तेव्हाही निकालपत्रं, हजेरीपट, अध्यापन आराखडे आणि फोटो चिकटवलेले अहवाल आधीच मांडून ठेवलेले होते. सगळ्यात जाड फाइल होती ‘सीओ-पीओ अटेनमेंट’ची. एखादा पेपर शिकून विद्यार्थ्याला काय यायला हवं, ते कोर्स आउटकम. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडताना काय यायला हवं, ते प्रोग्राम आउटकम. गुणांवरून या दोन्हींची साध्यता आकड्यांत काढायची. नॅकच्या 2017 च्या चौकटीत संलग्न कॉलेजांच्या 1000 गुणांपैकी 350 एकट्या अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन या निकषाला होते. त्यामुळे ही फाइल सगळीकडेच मन लावून तयार व्हायची. इथेही रिअल ॲनालिसिसची साध्यता तीनपैकी जवळजवळ तीन दिसत होती.

मी अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका मागवल्या. रोलच्या प्रमेयाची सिद्धता बहुतेकांनी लिहिली होती आणि अगदी एकसारखी, स्वल्पविरामांसकट. प्रश्न क्वेश्चन बँकेतून जसाच्या तसा उचललेला होता. पैकीच्या पैकी गुण मिळाले, पण ते पाठांतराला मिळाले. साध्यतेचा तक्ता या गुणांवरच उभा असतो, म्हणून तक्ता कितीही नेटका असला तरी प्रश्न कसा विचारला होता हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

मग विभागप्रमुखांना म्हटलं, मुलांना फळ्यापाशी बोलवा. तिसऱ्या वर्षाची मुलं आली. कुणी रहिमतपूरचं, कुणी वाठार स्टेशनचं, कुणी किन्हईचं. बहुतेक एसटीनं येणारी. मी विचारलं, “उणे एक आणि एक या दोन्ही ठिकाणी फंक्शनची किंमत सारखी, मध्ये आलेख कुठे तुटत नाही, तरीही स्पर्शिका कुठेच आडवी नाही. असं काढून दाखवा.” एकीनं परवलय काढला आणि लगेच पुसला. मागून एक जण म्हणाला, “सर, रोलमुळे असं होणारच नाही.” मी म्हटलं, रोलची कोणती अट मी सांगितली नाही? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तीच मुलगी म्हणाली, “डिफरन्शिएबल पाहिजे ना सर... मग मध्ये टोक काढू का?” तिनं शून्यापाशी टोक असलेला आलेख काढला, खाली |x| लिहिलं. तेवढ्यात मघाचा मुलगा म्हणाला, “पण दोन्ही कडांच्या बिंदूंपाशी डेरिव्हेटिव्ह नसलं तर?” मी काही सांगण्याआधी त्यांच्या सरांनी खडू त्याच्याच हातात दिला. त्यानं एकक वर्तुळाचा वरचा अर्धा भाग काढला. कडांना स्पर्शिका उभी, तरी मध्ये शून्यापाशी आडवी आहेच. म्हणजे ती अट फक्त आतल्या बिंदूंपुरती लागते, हे त्याचं त्यालाच कळलं. पाठ केलेल्या सिद्धतेत हा प्रश्न कधीच आला नसता.

हे सगळं बोलणं मराठीत झालं. हीच मुलं इंग्रजीत सिद्धता लिहितात तेव्हा ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा’ हा क्रम उलटतो आणि विधानाचा अर्थच बदलतो. परीक्षक तिला भाषेची चूक समजून सोडून देतात, पण ती गणिताची चूक आहे. विधान आधी मराठीत नीट म्हणवून घ्यावं आणि मगच इंग्रजीत लिहायला लावावं, असं मी अहवालात ठामपणे लिहिलं.

प्रकल्पवह्यांत 6174 होताच. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची ही संख्या. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करा. हेच करत राहिलं की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येते. बहुतेक वह्या इथे आणि कापरेकरांच्या चरित्रापाशी थांबलेल्या. एका गटानं मात्र पायथॉनमध्ये पाच अंकी संख्या चालवून पाहिल्या होत्या. तिथे कोणतीच संख्या स्थिर होत नाही, त्याच त्या संख्या फेर धरतात. पुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘असे का होते ते आम्हाला समजले नाही.’ शिक्षकांनी ते वाक्य खोडलं नव्हतं. या विभागाबद्दल माझं मत चांगलं झालं ते या वाक्यामुळे.

उणिवाही होत्या, त्या लिहिल्या. निम्मं शिकवणं तासिका तत्त्वावरच्या तरुण शिक्षकांवर; ते वर्षावर्षाला बदलतात, मग मुलांच्या शंका कुणाकडे राहायच्या? घेवड्याच्या काढणीच्या दिवसांत हजेरी घसरते आणि त्या आठवड्यांतला भाग पुन्हा घेतला जात नाही. माधव गणित स्पर्धा, 1993 पासून चालणारी एमटीटीएसची उन्हाळी शिबिरं, आयआयटीत एम.एस्सी.ला नेणारी जॅम परीक्षा यांची नावं सूचनाफलकावर होती. अर्ज भरलेलं मूल सापडलं नाही. तयारी करून घ्यायला शेवटच्या एसटीआधीचा एक तास मिळाला तर यातलं बरंच साधेल.

कॉलेजांच्या प्राचार्यांना आणि समित्यांवर जाणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एवढंच सांगणं आहे : पुढच्या भेटीच्या वेळापत्रकात सादरीकरण एकानं कमी करा, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाहेर काढा आणि अर्धा तास मुलांना फळा द्या. प्रश्न मात्र क्वेश्चन बँकेत नसलेला विचारा.