संगणकाची प्रणाली बदलावी काय?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीस नित्य दुरुस्त्या पुरविणे थांबविले. तेव्हापासून पांढुर्णा-सौंसरकडील पालक आम्हांस एकच प्रश्न विचारतात : घरचा संगणक उत्तम चालतो, मग विंडोज ११ कशास घ्यावी?

प्रणाली म्हणजे काय ते प्रथम पाहू. सौंसरच्या बागांतून जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. झाड वाढले की खुंटाकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण माती-पाण्याशी सारा व्यवहार त्याच्याच मुळांचा असतो. संगणकात लेखनाचे वा चित्रांचे सॉफ्टवेअर हे बांधलेले डोळे होत. रॅम, पडदा, कळफलक, प्रिंटर यांच्याशी व्यवहार करणारी प्रणाली हा खुंट होय. वाढलेल्या झाडाखालचा खुंट बागाईतदार सहसा बदलीत नाहीत. आपण संगणकात नेमके तेच करू पाहतो. म्हणून आधी सर्व कामाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी.

आता जुनी प्रणाली काही बंद पडलेली नाही. प्रश्न चालण्याचा नसून डागडुजीचा आहे. एवढ्या अवाढव्य रचनेत फटी निघतच राहतात. मार्च २०१७ मध्ये अशाच एका फटीवरील दुरुस्ती प्रसिद्ध झाली होती. पुष्कळांनी ती बसविलीच नाही. मे महिन्यात 'वॉनाक्राय' नामक घातकी सॉफ्टवेअरने त्याच फटीतून शिरून दोन लाखांहून अधिक यंत्रांतील फायली कुलूपबंद केल्या व खंडणी मागितली. इंग्लंडातील कित्येक रुग्णालयांस रोगी परत पाठवावे लागले. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार वा विद्यार्थ्यांच्या नोंदी आहेत, त्याने असा धोका पत्करू नये.

परंतु विंडोज ११ प्रत्येक यंत्रावर बसत नाही. तिला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण व टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था लागते. शिवाय इंटेलचे २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर मान्य यादीत नाहीत. यंत्र पात्र असेल तर विंडोज १० वरून ती विनामूल्य मिळते, आणि तेथे विलंब करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

यंत्र अपात्र असेल तर? आमच्या कार्यालयातील एका जुन्या संगणकावर या वार्षिकाचे मागील अंक युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा नुसता काला दिसतो. (आमची कोकणी पाच लिप्यांत लिहिली जाते, पण ही सहावी कोणास वाचता येणार!) ते यंत्र आम्ही बदलले नाही, त्याची इंटरनेटची तार मात्र काढून टाकली.

इतर जुन्या यंत्रांसाठी लिनक्सचा मार्ग आहे. केरळातील सरकारी शाळांत अनेक वर्षे तीवरच शिकवितात. ती विनामूल्य आहे, तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रांवर चालतात व दुरुस्त्याही येत राहतात. मात्र विंडोजचे सॉफ्टवेअर तीवर सरळ चालत नाही. संगणक-कक्षातील दोन यंत्रांवर आम्ही ती बसविली आहे. मराठी टंकलेखन व प्रिंटर तीवर नीट चालतात की नाही, हे नववीच्या विद्यार्थ्यांनी पुढील सत्रात तपासून सांगावयाचे आहे.