रक्षणासाठी उचललेले शस्त्र

भूमध्य समुद्राकाठच्या लेबनॉनमध्ये १९३२ नंतर अधिकृत शिरगणती झाली नाही. त्या जुन्या आकड्यांवर विसंबून संसदेत सहा ख्रिस्ती सभासदांमागे पाच मुसलमान व द्रूझ सभासद, अशी वाटणी ठरली होती. या वाटणीवरील असंतोष आणि पॅलेस्टिनी निर्वासितांच्या सशस्त्र संघटनांचा प्रश्न यांतून एप्रिल १९७५ मध्ये यादवी पेटली. पुढल्याच वर्षी सरकारी सैन्यही दुभंगले. राज्य आपले रक्षण करू शकत नाही, हे दिसताच प्रत्येक जमातीने स्वतःची शस्त्रे परजली.

ख्रिस्ती पथके प्रारंभी विखुरलेली होती. पिएर जमायेल यांच्या, १९३६ साली स्थापन झालेल्या कताइब पक्षाचे पथक सर्वांत मोठे. कमील शमून यांच्या पक्षाचे 'टायगर्स' निराळे. शिवाय काही लहान गट. १९७६ मध्ये या साऱ्यांच्या संयुक्त नेतृत्वातून 'लेबनीज फोर्सेस' हे दल उभे राहिले. त्याची सूत्रे पिएर यांचे पुत्र बशीर यांच्या हाती आली.

मात्र ही एकी केवळ संमतीने साधली नाही. ७ जुलै १९८० रोजी बशीर यांच्या सैनिकांनी साफ्रा येथे 'टायगर्स'वर हल्ला चढविला. अनेक स्वधर्मीय ठार झाले, उरलेल्यांतील बहुतेक दलात सामावले गेले. राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेले बशीर १४ सप्टेंबर १९८२ रोजी बाँबस्फोटात मारले गेले. दोनच दिवसांनी ख्रिस्ती सशस्त्र सैनिकांनी साब्रा व शातिला येथे निर्वासितांची कत्तल आरंभिली. १९९१ मध्ये सशस्त्र दले विसर्जित झाली. 'लेबनीज फोर्सेस' पुढे राजकीय पक्ष म्हणून उरले.

राज्याच्या हातून निसटलेले शस्त्र जमातीच्या हाती गेले, की ते केवळ परक्यांवर रोखलेले राहत नाही, हेच या इतिहासाचे सार आहे.