न घेतलेलं व्याज

१९८७ साली माझी बदली बँकेच्या पनवेल शाखेत झाली. तेव्हा खातेवह्या हातानं लिहाव्या लागत. जून आणि डिसेंबर हे व्याज काढण्याचे महिने. रात्री नऊ-नऊपर्यंत दिवे जळत. अशाच एका जूनमध्ये मुस्लिम नाक्याजवळचे एक भाताचे व्यापारी (सगळं गाव त्यांना चाचा म्हणे) पासबुक घेऊन समोर बसले.

"साहेब, ह्यातलं व्याज काढून टाका. ते माझं नाय."

मला हसू आलं. व्याज नको म्हणणारा ग्राहक! "चाचा, तुमच्याच पैशाचं आहे," मी म्हटलं.

"त्याला माझा घाम लागला नाय. नुकसानीचं भ्याव पण नाय."

माझी इस्लामशी ओळख झाली ती अशी, लेजरमधून. कलमा, पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, जकात आणि ऐपत असल्यास आयुष्यात एकदा हज, हे पाच स्तंभ पुस्तकात वाचले होते. पण जकात म्हणजे काय, हे चाचांनी कागदावर आकडे मांडले तेव्हा समजलं. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी मालमत्ता चांद्रवर्षभर शिल्लक राहिली, तर तिच्यातून शेकडा अडीच काढायचे. हे उत्पन्नावर नव्हे, शिलकीवर. विक्रीचा भात धरायचा, राहतं घर सोडायचं. आणि हे दान नव्हे. श्रीमंताच्या मालात गरजवंताचा हक्कच आहे, असं कुराण मानतं. कर चुकवण्यासाठी लोक कसे धडपडतात ते मी नोकरीभर पाहिलं. इथे तपासायला कोणी अधिकारी नव्हता, आणि हा माणूस पोती मोजत होता.

पैगंबर महंमद स्वतः व्यापारी. इ.स. ६१० मध्ये मक्केत त्यांना पहिला साक्षात्कार झाला, ते गावही व्यापाऱ्यांचंच. म्हणून कुराणाला नफ्याचं वावडं नाही. व्यापार रास्त, व्याज निषिद्ध. थकलेलं कर्ज दुप्पट-चौपट होत जाण्यावर त्याचा रोख आहे. आपल्याला हे परकं वाटू नये. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ते याच दुखण्यापायी. आणि कोकणात हा धर्म तलवारीच्या आधी गलबतांतून आला. दहाव्या शतकात अल-मसूदी हा अरब प्रवासी आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला आला होता. तिथे मुसलमानांची मोठी वस्ती असल्याचं त्यानं लिहून ठेवलं आहे.

चाचांचं व्याज खात्यातून वगळण्याची सोय आमच्याकडे नव्हती. पुढे त्यांनीच मार्ग काढला. व्याज घ्यावं, पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूला देऊन टाकावं, असं मौलवींनी सांगितलं. दर जूनमध्ये ते तेवढीच रक्कम, सुट्ट्या पैशांसकट, काढून नेत.

या व्रताची झळही मी पाहिली. त्यांच्या मुलाला ट्रक घ्यायचा होता. तो कर्जाचा अर्ज घेऊन आला. चाचा जामीन राहायला तयार नव्हते. मुलगा चिडून म्हणाला, "साहेब, पैसे साठवून ट्रक घ्यायचा तर मी म्हातारा होईन." त्याचं खोटं नव्हतं. बँकांच्या कर्जात मुसलमानांचा वाटा लोकसंख्येच्या मानानं कमी असल्याचं २००६ साली सच्चर समितीनं नोंदवलं. त्याला कारणं अनेक, बँकांची अनास्था त्यात मोठी. पण हे कारणही कुठे कुठे असणारच. बँकेच्या व्याजाबद्दल मुसलमान विद्वानांतही एकमत नाही. चाचांपाशी मात्र हा युक्तिवाद चालला नाही.

जामीन दुसरा मिळाला आणि मी कर्ज मंजूर केलं. ट्रक दारात उभा असायचा. चाचा भात पाठवायला भाड्याचा टेम्पो बोलवायचे. माझ्याशी बोलणं तसंच गोड राहिलं, पण घरचा चहा बंद झाला.

कर्ज फिटलं तेव्हा मी पनवेलला नव्हतो. मुलाचं पोस्टकार्ड आलं. खुशालीच्या दोन ओळींखाली लिहिलं होतं: आज अब्बा ट्रकात बसून पेणला गेले.