गोणपाटाखालचा पन्हाळा

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी शिवाजी पेठेत नाहीतर मंगळवार पेठेत बोळाच्या तोंडाशी ओल्या मातीचा ढीग दिसला, की समजावं, सहामाही संपली. पोरं विटा रचतात, त्यांवर जुनी फळकुटं आडवी टाकतात आणि पातळ चिखलात बुडवलेलं गोणपाट वरून पसरतात. खरा किल्ला या घटकेला ठरतो, तट-बुरूज नंतरचे. गोणपाट ताणून बसवलं तर डोंगराचा तंबू होतो. जरा सैल सोडलं, की घड्या पडतात आणि सोंडा, घळी आपसूक तयार होतात. नुसती काळी माती घेतली तर दुसऱ्या दिवशी भेगा, म्हणून तीत लाल माती आणि मूठभर भुसा. पायऱ्यांना फुटक्या कौलांच्या खापऱ्या, दरवाज्याला फळीचा तुकडा, हिरवळीला रंगवलेला लाकडाचा भुसा. अळीव पेरणारे वेगळे. त्यांना धीर असतो.

मावळे कुंभाराकडचे. बेंदराचे बैल, नागपंचमीचे नाग, गणपती झाले, की मातीची शेवटची पाळी यांची. हल्ली प्लॅस्टरचे मावळे जास्त दिसतात. सगळे एकाच साच्यातले, एकाच बाजूला बघणारे.

माझी तक्रार मावळ्यांबद्दल नाही, डोंगराबद्दल आहे. कोल्हापूरच्या वायव्येला वीसेक किलोमीटरवर पन्हाळा असताना आमच्या गल्लीतल्या प्रत्येक किल्ल्याला शेंडा असतो, आणि शेंड्यावर महाराज. पन्हाळ्याला शेंडाच नाही. खाली काळा बेसाल्ट, वर जांभ्याची टोपी आणि माथा पसरट. तटाचा घेर सात किलोमीटरच्या वर. त्यातही बऱ्याच लांबीत तटाचं काम कड्यानंच केलंय, माणसानं वर फक्त कठडा चढवलाय. म्हणजे पन्हाळा करायचा तर उंची नव्हे, कडा साधावा लागतो. पश्चिमेचा तीन दरवाजा करावा, तो अजून उभा आहे. चार दरवाज्याच्या नादी लागू नये. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडात इंग्रजांनी तो पाडला.

आणि शेजारचा डोंगर विसरू नये. १६६० मध्ये सिद्दी जौहरनं वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन त्याच्या मदतीला तोफा घेऊन आला. पन्हाळ्याला लागूनच पूर्वेला एक डोंगर आहे. तोफा तिथूनच डागल्या, असं मानतात. महाराज जुलैत भर पावसात विशाळगडाकडे निसटले, वाटेत बाजीप्रभू पडले, पुढे पन्हाळाही सोडावा लागला. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदनं साठ माणसांनिशी तो परत घेतला, आणि मग महाराजांनी त्या शेजारच्या डोंगरालाच तट घातला. तोच पावनगड. गल्लीतल्या किल्ल्यात सिद्दीची छावणी असते, शिवा काशीद असतो, बाजीप्रभूंची खिंडही असते. हा डोंगर मात्र नसतो. त्याच्याशिवाय वेढ्याचा पेच कळत नाही. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, पन्हाळाही त्यात आहे. त्या नोंदीच्या नावात नुसते किल्ले नाहीत, लष्करी भूप्रदेश आहे. भिंतीइतकंच भोवतालच्या डोंगर-दऱ्यांना मोल.

एका वर्षी हट्टानं आम्ही दोन्ही डोंगर केले. पाच फूट पसरट पन्हाळा, त्याला खेटून पावनगड, मधली खिंड फळीवर चिखल थापून. कड्याला गेरू, पायथ्याला चुन्याची वाट. शेजारच्या काकी बघून म्हणाल्या, "अगदी ओट्यागत झालाय की रं! किल्ला कुठं हाय?" स्पर्धेत नंबर लागला नाही, पहिला शेंडावाल्यांचा.

पाडव्याच्या रात्री पाऊस झोडपून गेला. सकाळी पावनगड जागच्या जागी होता. पन्हाळ्याचं गोणपाट मधोमध बसलं होतं आणि त्या खड्ड्यात पाणी साठलं होतं. भांडं घेऊन उपसायला निघालो, तर धाकट्यानं हात धरला. "राहू दे दादा, ते पन्हाळ्यावरचं सोमाळे तळं आहे."