नसांची सूज आणि प्रेडनिसोलोनची गोळी

कुष्ठरोगाने माणसाची बोटे झडून पडतात, असा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तो खरा नाही. कुष्ठरोगाचे जंतू बोटे खात नाहीत. ते त्वचेत आणि हातापायांच्या मज्जातंतूंत, म्हणजे बोलीभाषेत आपण ज्यांना नसा म्हणतो त्यांत, घर करून राहतात. नस निकामी झाली की त्या भागाला चटका कळत नाही, काटा कळत नाही. चुलीजवळ हात भाजतो, शेतात पायात धसकट शिरते, दुखत नाही म्हणून कोणी लक्ष देत नाही, जखम चिघळते, आतले हाड झिजते आणि वर्षानुवर्षांनी बोट आखूड होत जाते. म्हणजे दिसणारी जखम बोटावर असली तरी मूळ घाव कोपराजवळच्या नसेवर झालेला असतो. आणि नवलाची गोष्ट अशी की, हा घाव पुष्कळदा जंतूपेक्षा आपल्याच शरीराच्या प्रतिकाराने होतो.

वरोऱ्याचे आनंदवन आपल्याच जिल्ह्यात आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली. शेजारच्या वर्ध्याला त्याआधीच, १९३६ मध्ये, मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूरचे कुष्ठधाम उभे केले होते. या थोर माणसांच्या सेवेविषयी आपण शाळेपासून ऐकत आलो, निबंधही लिहिले. पण त्या रोगात हात वाकडा का होतो आणि तो वाकडा होण्यापूर्वी थांबवता येतो का, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. थांबवता येतो. त्यासाठी वापरतात ते औषध साधे, स्वस्त आणि आपल्या कोणत्याही औषधांच्या दुकानात असणारे आहे : प्रेडनिसोलोन. हेच औषध दम्याला, संधिवाताला, त्वचेच्या आणि मूत्रपिंडाच्या काही विकारांनाही देतात. आणि हेच औषध डॉक्टरला न विचारता घेतले तर धडधाकट माणसाला अंथरुणाला खिळवू शकते. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजू पाहावयाच्या आहेत.

प्रथम सूज म्हणजे काय ते पाहू. बोटाला ठेच लागली किंवा काटा मोडला की जागा लाल होते, तापते, सुजते आणि ठणकते. वैद्यकात याला दाह म्हणतात. रक्तातील पांढऱ्या पेशी त्या जागी धावून येतात, रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी पाझरते. शत्रूशी लढण्याची ही शरीराची रीत आहे आणि ती नसती तर साध्या ओरखड्यानेही माणूस दगावला असता. परंतु लढाई कोठे जुंपते यावर पुष्कळ अवलंबून असते. मांसात सूज आली तर तिला पसरायला जागा असते. नसेभोवती घट्ट आवरण असते. आत सूज आली की सुजलेल्या हातात बांगडी रुतावी तशी नस आवळली जाते. कोपरामागची नस अशी आवळली की करंगळी व तिच्या शेजारचे बोट वाकू लागते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची आवळली की पाऊल लोंबते. चेहऱ्याची नस गेली की डोळा मिटत नाही, आणि न मिटणारा डोळा धुळीने व कोरडेपणाने हळूहळू आंधळा होतो.

कुष्ठरोगात असा दाह एकाएकी भडकतो. त्याला 'रिॲक्शन' म्हणतात. गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, ही रिॲक्शन पुष्कळदा औषध सुरू झाल्यानंतर येते. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने रिफॅम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमिन ही औषधे एकत्र देण्याची बहुविध उपचारपद्धती सुचवली. भारतात १९८३ पासून राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमाने ती हाती घेतली. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा एक वर्ष गोळ्या घेतल्या की रोगी जंतुमुक्त होतो. पण उपचार चालू असताना, कधी संपल्यावरसुद्धा, शरीराला जणू जाग येते आणि ते नसांमध्ये दडलेल्या जिवंत-मेल्या जंतूंवर तुटून पडते. जुने चट्टे लाल होऊन फुगतात, हात ठणकतो, मूठ ढिली पडते. रोगी म्हणतो, "औषध उष्ण पडले," आणि गोळ्या बंद करतो. नेमके हेच करावयाचे नसते. जंतूंवरच्या गोळ्या चालू ठेवायच्या आणि जोडीला दाह शमवणारे प्रेडनिसोलोन घ्यायचे, असा त्यावरील उपाय आहे.

या औषधाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर संधिवाताच्या रोग्यांवर उपचार करीत. त्यांच्या असे ध्यानात आले की, संधिवाताच्या रोग्याला कावीळ झाली किंवा स्त्री गर्भवती राहिली की सांध्यांचे दुखणे काही काळ नाहीसे होते. यावरून शरीर स्वतःच असे काही द्रव्य निर्माण करीत असले पाहिजे, असा त्यांनी तर्क बांधला. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल हे मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून निरनिराळी द्रव्ये वेगळी करीत होते. त्यांतलेच एक, पुढे ज्याला कॉर्टिसोन हे नाव मिळाले ते, सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला टोचण्यात आले. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइकस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु तोवर या जादूची दुसरी बाजूही दिसू लागली होती. औषध थांबवले की दुखणे परत येई आणि चालू ठेवले तर चेहरा सुजे, मन भ्रमिष्ट होई.

आरंभी हे औषध गुरांच्या पित्तापासून मोठ्या खटाटोपाने तयार करावे लागे व ते अतिशय महाग पडे. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या संशोधकांनी त्यातील सर्वांत अवघड पायरी ऱ्हायझोपस जातीच्या एका बुरशीकडून करवून घेतली आणि औषध स्वस्त झाले. या बुरशीचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे; पुढे तिच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे. १९५५ च्या सुमारास प्रेडनिसोलोन आले. आपल्या ग्रंथी जे नैसर्गिक द्रव्य स्रवतात, त्याच्या वीस मिलिग्रॅमचे काम प्रेडनिसोलोनच्या पाच मिलिग्रॅमात होते.

आता उपचाराची रीत. कुष्ठरोगातील रिॲक्शनसाठी जी आखणी अनेक वर्षे वापरात होती, तिच्यात दिवसाला ४० मिलिग्रॅमने सुरुवात करून दर पंधरवड्याला मात्रा ३०, २०, १५, १० आणि ५ अशी उतरवीत बारा आठवड्यांत औषध थांबवीत. पुढे हा काळ वीस आठवड्यांपर्यंत वाढवण्यात आला. गोळी सकाळी, काही खाल्ल्यानंतर घ्यावयाची. (हे आकडे पद्धत समजावी म्हणून दिले आहेत, कोणाला किती हे डॉक्टरच ठरवतात.) नसेची शक्ती गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाला तर ती परत येण्याची आशा असते. त्यापुढे नस वाळून जाते आणि मग गोळीचा उपयोग होत नाही.

मात्रा अशी पायरीपायरीने का उतरवायची? याचे उत्तर त्या ग्रंथींच्या स्वभावात आहे. बाहेरून आयता माल येऊ लागला की घरचा कारखाना बंद पडतो. काही आठवडे प्रेडनिसोलोन घेतले की अधिवृक्क ग्रंथी आपले काम सोडून स्वस्थ बसतात. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर शरीरात ना बाहेरचे द्रव्य, ना घरचे. रक्तदाब खाली येतो, ओकाऱ्या होतात, गळून जाऊन माणूस बेशुद्ध पडतो, प्रसंगी दगावतो. बरे वाटू लागले की औषध सोडण्याची आपली सवय येथे जिवावर बेतू शकते. कित्येक औषधे विसरली तर रोग बरा होत नाही एवढेच. या गोळीचे तसे नाही. म्हणूनच दीर्घकाळ हे औषध घेणाऱ्याने शस्त्रक्रियेच्या किंवा मोठ्या आजाराच्या वेळी डॉक्टरला ते आवर्जून सांगितले पाहिजे.

दुसरा धोका प्रतिकारशक्तीचा. जी लढाई नसेतली सूज वाढवते तीच लढाई क्षयाच्या जंतूंना दाबून ठेवीत असते. लढाई थांबवली की दबलेला क्षय डोके वर काढतो. आपल्याकडे अनवाणी शेतात काम करणाऱ्यांच्या पोटात एका जातीचे सूक्ष्म जंत वर्षानुवर्षे मुकाट राहतात. या औषधाने ते अंगभर पसरून जीव घेऊ शकतात. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी खोकल्याची चौकशी, जंतांचे औषध, रक्तातील साखर, रक्तदाब आणि वजन हे सारे पाहावे लागते. साखर वाढणे तर नित्याचेच. मधुमेह्याची बिघडते आणि ज्याला मधुमेह नाही त्याचीही वाढते. पोटात जळजळ होते, वेदनाशामक गोळ्या जोडीला असतील तर व्रण पडून रक्तस्राव होतो. फार दिवस घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, मुलांची वाढ खुंटते, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते मरते. सिकलसेलच्या रोग्याला खुब्याचा हा विकार तसाही होत असतो आणि या औषधाने कधी कधी त्याच्या वेदनांचा झटका उलटतो. आपल्या भागात सिकलसेलची कुटुंबे पुष्कळ असल्याने ही गोष्ट डॉक्टरला आधीच सांगणे अगत्याचे आहे.

हे सर्व वाचून कोणी घाबरून जाईल. पण डॉक्टरच्या नजरेखाली ठरावीक आठवडे औषध घेणाऱ्या बहुतेकांना यांतले फारसे काही होत नाही. खरा घोळ आहे तो नजरेआड घेण्यात.

गुडघे धरलेली म्हातारी माणसे, कमरेने बेजार झालेले कामगार बाजारातून बिननावाची पुडी किंवा खुल्या गोळ्या आणतात. एका दिवसात दुखणे पळते, भूक लागते, चेहरा भरतो. गावात म्हणतात, "बुवाच्या पुडीने तब्येत सुधारली." तो भरलेला चेहरा तब्येतीचा नसतो, औषधाचा असतो. वैद्यकात त्याला 'चंद्रमुख' असे काव्यमय नाव आहे आणि मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला ही उपमा याहून अशुभ अर्थाने दुसरीकडे सहसा सापडणार नाही. सर्वच पुड्यांत स्टेरॉइड असते असे नाही. परंतु असते तेव्हा ते कोणते, किती, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. तो एक दिवस पुडी बंद करतो आणि वर सांगितलेल्या संकटात सापडतो. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरला तरी काय कळणार, पुडीवर नाव नाही!

मलमाची कथा अशीच. गजकर्णाला नि गोरेपणाला म्हणून जी मलमे लोक मागतात, त्यांतील अनेकांत याच कुळातील जबर औषध असते. गजकर्णाची खाज तत्काळ थांबते, बुरशी मात्र आत सुखाने पसरते. चेहऱ्याची कातडी पातळ होऊन लाल पडते, पुरळ उठते. प्रेडनिसोलोनची गोळी चिठ्ठीवाचून विकण्यास पूर्वीपासून मनाई आहे; अशा अनेक मलमांना हा नियम २०१८ मध्ये लागू करण्यात आला. नियम आहे, तो पाळला जातो की नाही हे काउंटरवर पाच मिनिटे उभे राहून कोणीही पाहावे.

करोनाच्या साथीत तर या औषधांची दोन्ही रूपे वर्षभराच्या अंतराने दिसली. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीने दाखवून दिले की, प्रेडनिसोलोनचेच भावंड असलेले डेक्सामेथासोन रोज सहा मिलिग्रॅम दिल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रोग्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि नुसत्या ऑक्सिजनवरील रोग्यांचे एक पंचमांशाने कमी होतात. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र काहीही फायदा झाला नाही. हे दुसरे वाक्य घाबरलेल्या समाजाने ऐकलेच नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात साध्या तापातही ही गोळी घरोघर घेतली गेली, जास्त मात्रेने व जास्त दिवस घेतली गेली, आणि पाठोपाठ महाराष्ट्रात काळ्या बुरशीचा रोग पसरला. मधुमेह आणि त्यावर स्टेरॉइड, ही त्याची ठरलेली जोडी. कित्येकांचे डोळे काढावे लागले, जबडे काढावे लागले. आणि ही काळी बुरशी बहुतेक वेळा कोणत्या जातीची? ऱ्हायझोपस. जिच्या एका बहिणीने १९५२ मध्ये हे औषध गरिबाच्या आवाक्यात आणले, तीच.

कुष्ठरोग संपला, असे आता बरेच जण समजतात. डिसेंबर २००५ मध्ये देशाने दहा हजारांत एकाहून कमी रोगी ही पातळी गाठली हे खरे. पण जगात दरवर्षी जे नवे रोगी सापडतात त्यांतील निम्म्याहून अधिक आजही भारतात असतात आणि चंद्रपूर-गडचिरोली हा त्यांचा जुना मुलूख आहे. सरकारी दवाखान्यात उपचार फुकट मिळतो. अडचण असते ती वेळेवर ओळखण्याची, कारण नस कधी कधी न दुखताही जाते. त्यासाठी आरोग्य कर्मचारी जी तपासणी करतात तिला यंत्र लागत नाही. रोग्याला डोळे मिटायला सांगतात, बॉलपेनचे टोक तळहातावर आणि तळपायावर ठरलेल्या जागी हलकेच टेकवतात, आणि जेथे लागले तेथे बोट ठेवायला सांगतात. करंगळीच्या बाजूला टेकवलेले कळले नाही, किंवा करंगळी इतर बोटांपासून दूर ताणून धरता आली नाही, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे असते. सहा महिन्यांचा तो हिशेब त्या दिवसापासून नव्हे, तर नस दुबळी होऊ लागली त्या दिवसापासूनच सुरू झालेला असतो.