टायमिंग बेल्ट व टायमिंग चेन

टायमिंग बेल्ट (दातेरी पट्टा) व टायमिंग चेन (साखळी) हे मोटारगाडीच्या इंजिनातील क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांना जोडणारे भाग होत. दोहोंचे कार्य एकच असले, तरी त्यांची देखभाल, आयुष्य आणि उत्पादकाच्या हमीतील स्थान यांत मोठा फरक आहे.

कार्य

चार धावांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पूर्ण होतो. कॅमशाफ्ट झडपांची उघडझाप करतो. हे प्रमाण क्षणभरही ढळून चालत नाही. अनेक इंजिनांत दट्ट्या आणि उघडी झडप एकाच जागेत आळीपाळीने येतात. अशा इंजिनात चालू गाडीचा पट्टा तुटल्यास दट्ट्या झडपांवर आदळून त्या वाकतात. परिणामी, तुलनेने स्वस्त पट्ट्याच्या अभावी संपूर्ण सिलिंडर हेड उघडण्याची वेळ येते.

इतिहास

साखळीची पद्धत जुनी आहे. मुंबईतील कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनात साखळी होती. दातेरी पट्ट्याचा मोटारीतील वापर जर्मनीच्या ग्लास कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी केला. भारतात १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये, तसेच पुण्यात तयार झालेल्या टाटा इंडिकाच्या डिझेल इंजिनात पट्टा होता. पुढे मारुतीच्या के-मालिकेतील पेट्रोल इंजिनांत व रांजणगाव येथे तयार झालेल्या फियाटच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात साखळी आली. टोयोटा इनोव्हाच्या २.५ लिटर डिझेल इंजिनात पट्टा होता. २०१६ मधील इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ लिटर इंजिनात साखळी आहे. म्हणजेच गाडीच्या नावावरून नव्हे, तर इंजिनाच्या प्रकारावरून हा भाग ओळखावा लागतो.

देखभाल

पट्टा कृत्रिम रबराचा असून त्यात काचतंतूंचे दोर असतात. तो शांतपणे चालतो, परंतु पूर्वसूचना न देता तुटू शकतो. म्हणून उत्पादकाने ठरवलेले अंतर किंवा वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा तो बदलतात. ही मर्यादा इंजिनानुसार साधारणतः ६०,००० ते १,५०,००० किलोमीटर असते. त्याच वेळी टेन्शनर, आयडलर व पट्ट्यावर चालणारा पाण्याचा पंपही बदलणे हितावह ठरते, कारण मजुरीचा मोठा भाग तेथवर पोहोचण्यातच खर्च होतो.

साखळी पोलादी असून इंजिन तेलात चालते. तिला ठरावीक बदलमुदत सहसा नसते. मात्र तेल वेळेवर न बदलल्यास तिच्या खिळ्या झिजून ती लांबते. थंड इंजिन सुरू करताना होणारा खडखडाट हे त्याचे लक्षण होय. काही नव्या इंजिनांत तेलात चालणारा पट्टाही असतो; अशा पट्ट्यास विहित प्रतीचेच तेल लागते.

गोंदिया जिल्ह्यातील परिस्थिती

विदर्भाच्या पूर्व टोकावरील या जिल्ह्यात उन्हाळा कडक असतो आणि उष्णतेने रबर लवकर जुने होते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव अशा तालुक्यांतील कच्च्या वाटांवर धूळ आणि भातशेतीच्या हंगामात चिखल असतो. त्यामुळे पट्ट्यावरील झाकण शाबूत असणे महत्त्वाचे ठरते. जुनी गाडी घेताना पट्टा बदलल्याची पावती नसल्यास तो बदललेला नाही, असेच गृहीत धरणे सुरक्षित असते. किलोमीटरचा आकडा कमी असला, तरी पट्ट्याचे वय वाढलेले असू शकते.

हमी व ग्राहक हक्क

हमी प्रामुख्याने साहित्यातील वा बनावटीतील दोषांपुरती असते. मुदतीनंतर बदलायचा पट्टा हा देखभालीचा भाग मानला जातो. त्याचा खर्च मालकाचा. हमीकाळात दोषामुळे साखळी वा टेन्शनर निकामी झाल्यास दुरुस्ती सहसा हमीत बसते, परंतु देखभालीच्या नोंदी नसल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणून तारीख, किलोमीटर आणि तेलाची प्रत नमूद असलेल्या पावत्या जपून ठेवाव्यात.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ वाहन उत्पादकांविरुद्ध दिलेल्या आदेशात, केवळ स्वतंत्र गॅरेजात दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करण्याची अट लादू नये, असे म्हटले होते. या आदेशाविरुद्ध पुढे अपिले झाली.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे गाडी नागपुरात घेतली असली, तरी गोंदियाचा रहिवासी गोंदिया येथे दाद मागू शकतो. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तू कायद्याच्या कक्षेबाहेर असल्या, तरी केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली टॅक्सी त्यास अपवाद ठरू शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.